धनुष्कोडी : मुख्य मार्गावरचे हरवलेले स्थानक

तमिळनाडूतील रामेश्वरम बेटाच्या आग्नेय टोकाला, वाळूच्या एका अरुंद पट्ट्यावर धनुष्कोडी हे रेल्वे स्थानक होते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात ते नष्ट झाले आणि पुन्हा कधीच सुरू झाले नाही. मराठी भाविकांना हे नाव परिचित आहे ते सेतुस्नानामुळे. सेतूची वाळू प्रयागच्या संगमात सोडायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराला आणायचे, या जुन्या परिपाठात धनुष्कोडीचा किनारा येतो. मात्र हे स्थानक उभारले गेले ते यात्रेकरूंसाठी नव्हे, तर सिलोनच्या वाहतुकीसाठी.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मद्रासहून सिलोनला निघालेला प्रवासी तुतिकोरिनला गाडीतून उतरे आणि तेथून बोटीने रातोरात कोलंबो गाठे. धनुष्कोडी आणि सिलोनमधील तलैमन्नार यांच्यामध्ये समुद्र जेमतेम ३५ किलोमीटर. साउथ इंडियन रेल्वेने पंबनच्या खाडीवर दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा पूल बांधला. फेब्रुवारी १९१४ मध्ये तो खुला झाला आणि मार्चपासून धनुष्कोडीमार्गे सिलोनची सेवा सुरू झाली. मद्रासला एकच तिकीट काढावे, धनुष्कोडीला गाडीतून उतरून बोटीत बसावे, तलैमन्नारला पुन्हा गाडी धरावी आणि कोलंबोला पोहोचावे, अशी ही व्यवस्था. ‘बोट मेल’ हे गाडीचे नाव त्यावरूनच पडले. भारताच्या बाजूला मीटरगेज आणि सिलोनच्या बाजूला ब्रॉडगेज, त्यामुळे डबे बोटीवर चढवून तसेच पुढे नेण्याचा प्रश्नच नव्हता. ‘आयर्विन’ आणि ‘गोशेन’ या आगबोटी या मार्गावर दीर्घकाळ धावल्या.

स्थानकाभोवती गाव वाढले. जकात कार्यालय, टपाल कार्यालय, रेल्वेचे रुग्णालय, शाळा, देऊळ, चर्च असे सारे त्या वाळूवर उभे राहिले. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. पंबनहून दोन फाटे फुटत. त्यांतला धनुष्कोडीचा मार्ग मुख्य होता आणि रामेश्वरमचा फाटा दुय्यम. आज रामेश्वरम हे शेवटचे स्थानक आहे, ते वादळाने हा क्रम उलटवल्यामुळे.

२२ डिसेंबरच्या रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी ६५३ क्रमांकाची पंबन–धनुष्कोडी पॅसेंजर निघाली. तिकिटांच्या हिशेबाने गाडीत ११० प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. धनुष्कोडी अगदी जवळ आले असता सिग्नल मिळेना, म्हणून चालकाने शिटी देत गाडी पुढे काढली, असे सांगितले जाते. समुद्राची प्रचंड लाट गाडीवर आदळली आणि सहाही डबे पाण्याखाली गेले. कोणीही वाचले नाही. विनातिकीट प्रवासी धरले तर आकडा आणखी मोठा असावा. दळणवळण तुटल्याने बाहेर बातमीही उशिरा पोहोचली. भारत आणि सिलोन मिळून या वादळातील मृतांचा अंदाज अठराशेच्या घरात जातो.

पंबन पुलाचे १४६ पैकी १२६ गाळे वाहून गेले होते. रेल्वेने दुरुस्तीसाठी सहा महिने धरले होते. वरिष्ठांनी ती मुदत तीन महिन्यांवर आणली आणि ३२ वर्षांच्या एका अभियंत्याने समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून, पूल अवघ्या ४६ दिवसांत उभा केला. हे अभियंते म्हणजे ई. श्रीधरन. गोमंतकीयांना त्यांची ओळख पुढे कोकण रेल्वेच्या उभारणीमुळे झाली. योगायोग असा, की त्या वेळचे रेल्वेमंत्री स. का. पाटील हेही सावंतवाडी संस्थानात जन्मलेले.

पूल जोडला गेला, धनुष्कोडी मात्र जोडले गेले नाही. मद्रास सरकारने गाव वस्तीस अयोग्य ठरवले. ज्या वाळूवर रूळ होते तिचाच भरवसा उरला नसल्याने हा निर्णय अवाजवी म्हणता येणार नाही. त्याची झळ मात्र तेथेच राहिलेल्या मच्छीमार कुटुंबांना बसली. ती अनेक वर्षे वीज आणि पक्क्या रस्त्यावाचून राहिली. टोकापर्यंतचा रस्ता २०१७ मध्ये झाला. सिलोनची बोट रामेश्वरमहून सुटू लागली. श्रीलंकेतील यादवी पेटल्यावर १९८० च्या दशकात तीही थांबली.

रामेश्वरम–धनुष्कोडी या सुमारे १७ किलोमीटरच्या नव्या मार्गाची पायाभरणी मार्च २०१९ मध्ये करण्यात आली, पण रूळ पडलेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पंबनचा नवा पूल वाहतुकीस खुला झाला. त्यावरून जाणाऱ्या गाड्या रामेश्वरमलाच थांबतात.