पिठोरी आणि मे महिन्यातला रविवार

श्रावण अमावस्या म्हणजे पिठोरी अमावस्या. मराठी पंचांगातला मातृदिन. उत्तर कोकणात या दिवशी चौसष्ट योगिनींचे पूजन होते. मग आई पक्वान्नाचे वाण खांद्यावरून मागे धरून ‘अतिथी कोण?’ विचारते आणि मागे उभे मूल ‘मी’ म्हणत ते घेते. मानाचा दिवस आईचा, पण उपास तिलाच! तिथी चांद्र असल्याने तारीख फिरते: अधिक श्रावणामुळे 2023 मध्ये ती 14 सप्टेंबरला आली, 2024 मध्ये 2 सप्टेंबरला.

याच उत्तर कोकणात 1969 मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि शेजारच्या बोईसरमध्ये परप्रांतीय कुटुंबे आपापले पंचांग घेऊन स्थिरावली. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून हीच अमावस्या तिकडे भाद्रपदात मोजतात. बिहारी माता मुलांसाठी जितियाचा निर्जळी उपास करतात तो आश्विन वद्य अष्टमीला. मराठी पंचांगात ती भाद्रपद वद्य अष्टमी.

शाळांतून आणि दुकानांतून मातृदिन म्हणून रुळलेला मेचा दुसरा रविवार अमेरिकेचा. ॲना जार्विसच्या खटपटीनंतर अध्यक्ष विल्सन यांनी 1914 मध्ये तो जाहीर केला. ब्रिटनचा मातृदिन मात्र ईस्टरआधीच्या उपासकाळातील चौथ्या रविवारी, म्हणजे बहुधा मार्चमध्ये येतो. नेपाळचा तिकडच्या वैशाख अमावस्येला, म्हणजे मराठी पंचांगातल्या चैत्र अमावस्येला.