समुद्रकाठचे एक लहान कॉलेज

परराष्ट्रनीती आणि देशाचे संरक्षण हे विषय दिल्लीच्या थोरामोठ्यांचे; तालुक्याच्या कॉलेजात त्यांचे काय काम, असे पुष्कळांना वाटते. पण आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन स्थापन झाले ते लंडनला नव्हे, तर वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथ या छोट्या गावी.

तिथले कॉलेज १८७२ साली निघाले. इमारत म्हणजे समुद्रकाठचे एक अर्धवट राहिलेले हॉटेल, आणि पहिल्या दिवशी विद्यार्थी अवघे २६! सामान्य माणसांनी प्रार्थनामंदिरांतून दिलेल्या पै-पैशावर ते तगले.

पुढे १९१४ चे महायुद्ध आले. कॉलेजातली तरुण मुले आघाडीवर गेली. कित्येक परतलीच नाहीत. कोळशाच्या खाणी नि रेल्वे यांवर मोठ्या झालेल्या घराण्यातले डेव्हिड डेव्हिस हे स्वतः फ्रान्समध्ये लढलेले. त्या मुलांच्या स्मरणार्थ त्यांनी आणि त्यांच्या दोन बहिणींनी २०,००० पौंड दिले आणि १९१९ मध्ये हे अध्यासन सुरू झाले. पुतळा उभारणे सोपे होते. पण युद्ध का होते आणि ते टळेल कसे, याचा अभ्यास व्हावा, हेच खरे स्मारक, असे त्यांनी मानले.

त्या वेळी साऱ्यांची आशा राष्ट्रसंघावर होती. गावात भांडण झाले की पंच बसतात, तसे राष्ट्रांचे पंच बसतील, ही कल्पना. पंचांचा निवाडा कुणी मानला नाही तर? त्यासाठी राष्ट्रांचे मिळून एक सैन्य हवे, असे डेव्हिस सांगत राहिले. ते काही झाले नाही. १९३१ साली जपानने मांचुरिया घेतला, १९३५ साली इटली ॲबिसिनियावर चालून गेला, आणि राष्ट्रसंघ बघत राहिला.

१९३६ साली या अध्यासनावर ई. एच. कार आले. परराष्ट्र खात्यात वीस वर्षं काढलेला हा माणूस. १९३९ साली त्यांनी ग्रंथ लिहून बजावले की नुसत्या सदिच्छेने शांतता नांदत नाही. बळ कुणाच्या हाती आहे तेही पाहावे लागते. मात्र नुसत्या बळावरही जग चालत नाही, हेही त्यांनीच सांगितले. दात्याला हे गृहस्थ मुळीच रुचले नाहीत. तरी कार १९४७ पर्यंत तिथेच राहिले. कारही काही चुकले नाहीत असे नव्हे. हिटलरशी म्युनिकला झालेल्या तडजोडीची त्यांनी केलेली भलावण युद्धानंतरच्या आवृत्तीतून गळाली. म्हणजे घटनांनी दात्यालाही तपासले आणि प्राध्यापकालाही. अभ्यास म्हणतात तो याला.

आता आपल्याकडे या. त्याच महायुद्धात हिंदुस्थानचे १३ लाखांवर लोक गेले, सुमारे ७४,००० मेले. साताऱ्याकडच्या काही गावांत, इथून इतके गेले आणि इतके पडले, असे सांगणारे दगड अजून आहेत. शिक्षकांनी मुलांना त्या दगडापाशी न्यावे, नकाशा उघडावा आणि विचारावे: ही माणसं मेसोपोटेमियात कुणासाठी लढली? तो निर्णय कुणी घेतला? आज असा निर्णय कोण घेतो, आणि त्याला जाब कोण विचारतो?

देशाच्या संरक्षणाचा अभ्यास इथून सुरू होतो. त्याला मोठी इमारत लागत नाही. दात्यालाही न रुचणारे उत्तर ऐकण्याची तयारी लागते.