दोन वर्षांचे कॉलेज आणि बास्केटबॉलची भरती

ज्युनियर कॉलेज म्हटले की आपल्याला अकरावी-बारावी आठवते. अमेरिकेतले ज्युनियर कॉलेज मात्र बारावीनंतर सुरू होते. शिक्षण दोन वर्षांचे, फी कमी आणि प्रवेश जवळपास सर्वांना खुला. तिथून चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येते. असे पहिले सरकारी कॉलेज इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ साली निघाले. आपल्या वर्गात बास्केटबॉल खेळणारे बरेच होते आणि दहावीच्या निकालाबरोबर त्या सर्वांचा खेळ संपला. म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घ्यावासा वाटला.

या कॉलेजांच्या खेळाची सुरुवात एका नकारातून झाली. कॅलिफोर्नियातील काही ज्युनियर कॉलेजांनी १९३७ साली विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेकडे, म्हणजे एनसीएएकडे, मैदानी स्पर्धांत भाग घेऊ द्या, अशी विनंती केली. ती फेटाळली गेली. तेव्हा १९३८ साली फ्रेस्नो शहरात त्यांनी स्वतःचीच संघटना काढली, ती एनजेसीएए. तिची बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९४८ साली मिसुरीतील स्प्रिंगफील्डला झाली. (हा खेळ १८९१ साली जिथे जन्मला ते स्प्रिंगफील्ड मॅसॅच्युसेट्समधले. नावे सारखी असल्याने घोटाळा होतो.) पुढच्याच वर्षी स्पर्धा कॅन्सस राज्यातल्या हचिन्सनला गेली आणि तिथलीच झाली. भोवती गव्हाची शेते, जमिनीखाली मिठाच्या खाणी, असे हे मध्यम गाव. दर मार्चमध्ये देशभरातले संघ तिथे उतरतात आणि प्रेक्षकांत मोठमोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक वही घेऊन बसलेले असतात.

भरती हा शब्द आपल्याकडे पोलीस किंवा सैन्यासाठी वापरतात, पण इथेही तोच चपखल बसतो. शाळेचे सर ओळखीच्या प्रशिक्षकाला फोन करतात, सामन्यांच्या चित्रफिती पाठवतात, मुलगा कॉलेज बघायला जातो आणि जमले तर शिष्यवृत्तीच्या पत्रावर सही करतो. पत्रात काय मिळणार हे कॉलेजच्या श्रेणीवर ठरते. पहिल्या श्रेणीत फीबरोबर राहणे-जेवणही देता येते, दुसऱ्या श्रेणीत फी आणि पुस्तके एवढेच, तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्तीच नाही. दोन वर्षांनी हीच भरती पुन्हा होते, या वेळी विद्यापीठासाठी. म्हणजे खेळाडू आला की त्याच्या जाण्याची तयारी सुरू. त्यामुळे दर वर्षी अर्धा संघ नवा. अशा संघाला सांघिक खेळ शिकवणाऱ्या प्रशिक्षकांचे मला फार कौतुक वाटते.

या वाटेने मुले का जातात? उंची आणि हात आहेत, पण गुण नाहीत, हे मुख्य कारण. एनसीएएने १९८३ साली एक नियम केला आणि १९८६ पासून तो लागू झाला. ११ मूलभूत विषयांत चारपैकी दोनची सरासरी आणि एसएटी परीक्षेत किमान ७०० गुण नसतील, तर विद्यापीठाकडून पहिल्या वर्षी खेळता येणार नाही. याची झळ सर्वांत जास्त गरीब, कृष्णवर्णीय मुलांना बसली. १९८९ साली हा नियम आणखी कडक करून अशा मुलांची शिष्यवृत्तीही बंद करण्याचे ठरले, तेव्हा जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन निषेध म्हणून सामना सुरू होण्याआधी मैदान सोडून गेले. तो ठराव नंतर सौम्य करावा लागला. विद्यापीठाचे दार असे अडले की ज्युनियर कॉलेजचे उघडे असे. डॅलसचा लॅरी जॉन्सन टेक्ससमधल्या ओडेसा कॉलेजात दोन वर्षे खेळला, तिथून नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगस संघात गेला. त्या संघाने १९९० च्या अंतिम सामन्यात ड्यूकला १०३-७३ असे हरवले. १९९१ साली एनबीएच्या निवडीत पहिले नाव त्याचेच पुकारले गेले.

आपल्या वर्गातल्या मुलींनी शेरिल स्वूप्सची गोष्ट जरूर वाचावी. टेक्ससमधल्या ब्राउनफिल्ड या लहान गावची ही मुलगी मोठ्या विद्यापीठात निवडली गेली, पण घरची ओढ असह्य होऊन लगेच परतली. मग घराजवळच्या साउथ प्लेन्स या ज्युनियर कॉलेजात खेळली आणि तिथून टेक्सस टेकला गेली. १९९३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिच्या संघाचे गुण ८४, त्यांपैकी ४७ तिचे एकटीचे! डब्ल्यूएनबीए निघाली तेव्हा करारबद्ध झालेली पहिली खेळाडू तीच. घरी परत आलेल्या मुलीला आपल्याकडे दुसरी संधी किती वेळा मिळते, हे मी लिहायला नको.

डेनिस रॉडमनची मजा निराळी. शाळेच्या संघात त्याचे काही जमले नव्हते. डॅलसच्या विमानतळावर झाडलोट करता करता उंची वाढली आणि एका ज्युनियर कॉलेजने त्याला घेतले. तिथे तो एकच सत्र टिकला, अभ्यासात नापास झाला. तरी दुसऱ्या एका छोट्या विद्यापीठाने त्याला हेरले आणि १९८६ साली तो एनबीएत पोचला. जिमी बटलरही टायलर ज्युनियर कॉलेजातूनच वर आला.

ही नावे वाचून कोणी भुलू नये. बहुतेक मुलांचा खेळ या दोन वर्षांतच संपतो आणि पदवीही हाती न लागता परतणारे थोडेथोडके नाहीत. मुलाची उंची बघून त्याला आणायचे आणि पाय दुखावला की विसरायचे, असेही घडते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे स्पर्धा रद्द झाल्या, तेव्हा तर प्रशिक्षकांसमोर खेळून दाखवण्याची शेवटची संधी गेली. ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजच्या त्या हंगामावर ‘लास्ट चान्स यू: बास्केटबॉल’ ही नेटफ्लिक्सची मालिका आहे. खेळ शिकवणाऱ्या आपल्या सरांनी आणि बाईंनी ती पाहावी, अशी विनंती. आणि कोणाची मुले-नातवंडे विचिटाच्या बाजूला राहत असतील, तर हचिन्सन तिथून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. स्पर्धा मार्चमध्ये असते.