विसण

विसण : स्नानासाठी तापविलेले पाणी अंगाला सोसवेल इतके निवावे म्हणून त्यात घालावयाचे थंड पाणी. बोलीत यास ‘इसण’ असेही म्हणतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जुन्या घरांत तांब्याच्या बंबात किंवा चुलीवरील हंड्यात पाणी कढत करून ते घंगाळात ओतीत आणि हाताला सोसेपर्यंत विसण घालीत. कढत पाणी ६०° से. व विसण २५° से. असल्यास ४०° से. तापमानाच्या स्नानासाठी ३ भाग कढत पाण्यास ४ भाग विसण लागते. हे प्रमाण कोणी मोजीत नसे. चूक झाली, तरी ती घंगाळातच राही. अंगावर येत नसे.

नळातून येणाऱ्या फवाऱ्यात हेच मिश्रण वाहत्या पाण्यात घडते व ते दाबावर अवलंबून असते. त्यासाठी उंचावर टाकी हवी. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेल्या धाब्याची होती. १,००० लिटर पाण्याचे वजन एक टन भरते. असा भार माळवदावर ठेवणे धोक्याचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. काँक्रीटच्या सपाट छपरांचा प्रसार झाला, तशी टाकी घरावर चढली आणि तिच्यामागोमाग विद्युत् तापक, सौर जलतापक व मिश्रक तोटी न्हाणीघराशी जोडली गेली.

टाकीतील पाण्याच्या पातळीपासून तोटीपर्यंत १० मी. खोली असल्यास सु. १ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब मिळतो, एकमजली घरात तो ३–४ मी. खोलीइतकाच असतो. थंड पाणी पंपाने व गरम पाणी छपरावरील टाकीतून येत असेल, तर थंड पाण्याचा जोर गरम पाण्यास मागे रेटतो आणि फवारा गार पडतो. उलट, थंड पाण्याच्या त्याच नळावर कोणी दुसरी तोटी उघडली, तर विसण एकाएकी कमी होते. दाब चतुर्थांश झाल्यास प्रवाह साधारण निम्मा होतो. वरील उदाहरणात ४० ऐवजी ४६° से.चे पाणी अंगावर पडेल. थंड पाणी पूर्ण थांबल्यास ६०° से.चे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजते. लहान मुले व वृद्ध यांना हा धोका अधिक.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही पाणी एकाच टाकीतून घेणे आणि न्हाणीघराचा थंड नळ शौचकूप व स्वयंपाकघर यांपासून वेगळा ठेवणे. हे शक्य नसल्यास जोरदार बाजूची झडप थोडी मिटावी, तसेच उलट प्रवाह रोखणारी एकदिश झडप बसवावी. दाब-संतुलक झडपेत एक सरकता दट्ट्या असतो. एका बाजूचा दाब घटताच तो दुसऱ्या बाजूचा मार्ग अरुंद करतो. मात्र मुळात दाब अगदी कमी असल्यास अशी झडप नीट चालत नाही. विक्रेते हे क्वचितच सांगतात. पुष्कळदा दोष दाबात नसतोच. बेसाल्टी खडकातील कूपनलिकांचे जड पाणी तापले, की कॅल्शियम कार्बोनेटाची खपली तापकात व गरम नळात बसते. मार्ग अरुंद होऊन गरम पाण्याची धार मंदावते, तर थंड नळ मात्र मोकळा राहतो. अशा वेळी तापक व तोटीची जाळी साफ केल्यावाचून झडपा बदलून उपयोग नाही.

लातूरला दाबाच्या आधी पाणीच दुर्मिळ होते. मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीत सु. ५ लक्ष लिटर पाणी होते. फवाऱ्याचे तापमान जुळेपर्यंत वाहून जाणारे पाणी अशा गावात परवडत नाही. म्हणून मिश्रक तोटी असलेल्या घरांतही गरम व थंड पाणी बादलीत सोडून, हाताने चाचपून, तांब्याने अंगावर घेण्याची रीत टिकून आहे.