पुण्याचे पाणी

आपल्या गावाकडचा माणूस पुण्याला जाऊन आला की पारावर बसलेली मंडळी त्याला पहिला प्रश्न विचारतात, "काय, कसं काय आहे पुणं? राहायला बरं का?" मग तो रस्ते सांगतो, गर्दी सांगतो, दुकाने सांगतो, घरभाडे सांगतो. आणि शेवटी हमखास एक वाक्य येतेच, "पण पाणी मात्र घरात. चावी फिरवली की पाणी!"

वाचकहो, आज या एका वाक्याबद्दलच थोडे बोलायचे आहे. आपल्याकडे माणसाची पारख करायची तर आपण त्याचे पाणी जोखतो. शहराचेही तसेच करावे. ते कोठून पाणी पिते, कोणाला पिऊ देते आणि प्यायलेल्या पाण्याचे पुढे काय करते, एवढे कळले की त्या शहरात राहणे म्हणजे काय ते बरेचसे उमगते.

मूळचे पुणे म्हणजे मुठा नदीच्या काठचा एक कसबा. 1630 च्या सुमारास आदिलशाही फौजेने ते उद्ध्वस्त केले आणि पुढे जिजाबाई व बाल शिवाजीराजे यांच्या काळात ते पुन्हा वसले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. या कसब्याला पाण्याची फिकीर नव्हती. नदी हाकेच्या अंतरावर होती, आड-विहिरी होत्या आणि माणसे बेताची होती. तुमच्या-आमच्या गावासारखेच ते एक गाव होते, म्हणा ना.

पुढे बाजीराव पेशव्यांनी राहण्यासाठी पुणे निवडले. 10 जानेवारी 1730 रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि 1732 मध्ये वास्तुशांत झाली. राज्याचा कारभार जेथे चालतो तेथे माणसे गोळा होतात. सरदार आले, कारकून आले, सावकार, शिपाई, कासार, तांबट, माळी, पाथरवट असे सगळे आले. कसब्याभोवती पेठामागून पेठा उभ्या राहिल्या. सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ झाली, नारायणरावांच्या नावाने नारायण पेठ, नाना फडणिसांच्या नावाने नाना पेठ. नदीकाठचे गाव नदीपासून दूर सरकले आणि प्यायचे पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न पडला.

नानासाहेब पेशव्यांनी त्याचे उत्तर शोधले. शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या घाटाच्या पायथ्याशी डोंगरातून ओढे उतरतात. तेथे बांध घालून तलाव केला आणि 1750 च्या सुमारास जमिनीखालून दगडी नळ बांधून ते पाणी शहरात आणले. हा नळ म्हणजे आजच्यासारखी लोखंडी नळी नव्हे. आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढे ते बांधीव भुयार होते. वाटेत जागोजागी हवा खेळावी म्हणून उच्छ्वास ठेवलेले होते. ना पंप, ना वीज. कात्रज उंचावर आणि शहर सखल, त्या उतारानेच पाणी चालत येई आणि पेठांतल्या हौदांत पडे. आमच्या शिक्षक मित्रांनी वर्गात 'पाणी आपली पातळी शोधते' हा धडा शिकवताना कात्रजच्या नळाचे उदाहरण अवश्य द्यावे. मुलांना विज्ञान आणि इतिहास एकाच घोटात मिळेल.

आता दुसरा प्रश्न. पाणी आले, पण ते कोणी प्यायचे?

हौद सार्वजनिक म्हटला तरी त्याच्या काठावर जात उभी होती. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांची घागर त्या पाण्यात बुडू शकत नव्हती. कोणी वरून ओंजळीत किंवा भांड्यात पाणी ओतील तर प्यावे, नाहीतर तहानेले परत जावे. ज्या शहरात ज्ञानाचा एवढा डंका, त्याच शहरातली ही गोष्ट. 1868 साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. वाचताना ही ओळ लहान वाटते. पण जरा विचार करून पाहा. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील, आप्तांनी कसे तोंड फिरवले असेल? सभेत समतेचे भाषण करणे सोपे असते. स्वतःच्या अंगणातल्या पाण्यावरची अट काढून टाकायला छाती लागते. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर याच हक्कासाठी हजारो माणसांसह जावे लागले. म्हणजे जोतीरावांचा हौद आपल्या काळाच्या किती पुढे होता ते ध्यानात येईल.

इंग्रजी अमलात पुण्यात छावणी आली आणि 1858 साली आगगाडी आली. नगरपालिका 1857 सालीच स्थापन झाली होती. माणसे वाढली, कात्रजचे पाणी पुरेना. तेव्हा मुठा नदीवरच, शहराच्या वर खडकवासल्याला, मोठे दगडी धरण बांधण्यात आले. 1879 च्या सुमारास ते पुरे झाले. एक गोष्ट येथे विसरू नका, की हे धरण एकट्या शहरासाठी नव्हते. त्याच्या कालव्याने हवेली आणि दौंडच्या बाजूच्या शेतांना पाणी द्यायचे होते. शहराची घागर आणि शेतकऱ्याची मोट एकाच पाण्यावर आली, ती तेव्हापासून. शेतकऱ्यांची दैना सांगणारा जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ 1883 चा. त्यातही तलाव-बंधारे बांधून शेताला पाणी द्या, असा त्यांचा आग्रह आहे.

हळूहळू रस्त्यावर नळकोंडाळी आली, वाड्यावाड्यांतून नळ आले. जुन्या वाड्यातले राहणे तुम्ही कधी पाहिले असेल. दिंडी दरवाज्यातून आत शिरले की चौक, चौकात हौद किंवा नळ आणि भोवती दहा-पंधरा बिऱ्हाडे. पहाटे नळाला पाणी आले की कळशा, हंडे, बादल्या यांची रांग लागायची. तेथे भांडणे व्हायची आणि तेथेच एकमेकींची सुखदुःखेही कळायची. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाकडे तापाने माणूस निजले आहे, हे नळावर समजे आणि त्या घराचा हंडा न सांगता आधी भरला जाई. शहरात शेजार नसतो, असे आपण फार सहज म्हणतो. शेजार असतो, बरं का. मात्र गावात तो जन्माने मिळतो आणि शहरात तो रोज थोडाथोडा जोडावा लागतो.

पण दाटीवाटीचे हे राहणे महागही पडते. 1896 च्या अखेरीस पुण्यात प्लेग आला. अरुंद बोळ, अंधाऱ्या खोल्या, उंदीर आणि घाण यांत त्याला मोकळे रान मिळाले. 1897 साली रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घरोघर घातले. देवघरापर्यंत बूट गेले, सामानसुमान बाहेर फेकले गेले, आणि त्या संतापातून 22 जून 1897 च्या रात्री चाफेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीतली दुसरी गोष्ट तितक्याच मोठ्याने सांगायला हवी. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. ती करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. शहरात आपले कोण, असे विचारणाऱ्याला द्यायला याहून मोठे उत्तर नाही. प्लेगच्या दिवसांत लोक वाडे सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत. मोकळी हवा औषधाइतकी मोलाची असते, हे शहराने तेव्हा मरणाची किंमत देऊन शिकले.

आता 1961 सालाकडे येऊ. खडकवासल्याच्याही वर, आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधून पुरे होत आले होते. जुलैच्या पावसाने ते भरले आणि भिंत खचू लागली. जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून ती सावरायची शिकस्त केली. पण 12 जुलै 1961 च्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ऐंशी वर्षांचे ते दगडी धरणही फुटले. नारायण, शनिवार, कसबा या पेठांत, डेक्कनच्या भागात, नदीकाठच्या साऱ्या वस्तीत पाणी शिरले. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडे चिखलात बसले.

आणि नवल पाहा. सगळीकडे पाणीच पाणी, पण प्यायला थेंब नाही! खडकवासले फुटले आणि शहराचे नळ कोरडे पडले. ज्या आड-विहिरींकडे आणि जुन्या हौदांकडे नळ आल्यापासून लोकांनी पाठ फिरवली होती, त्यांच्या काठावर पुन्हा घागरी आल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांचे शहाणपण त्या दिवसांत कामाला आले. पुढे स. गो. बर्वे यांच्या देखरेखीखाली पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचे मोठे काम झाले. गोखलेनगर, सहकारनगर, पर्वती दर्शन यांसारख्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. काल एका वाड्यात राहणारी बिऱ्हाडे चार दिशांना पांगली आणि नव्या शेजाऱ्यांशी पुन्हा पहिल्यापासून नाते जोडू लागली.

पुराची ही कथा पुण्यात आजही सांगितली जाते. परंतु तिची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. पानशेत पुन्हा बांधले गेले. मोसे नदीवर वरसगाव झाले, मुठेवर टेमघर झाले. ही धरणे काही रिकाम्या जागेवर झाली नाहीत. त्या खोऱ्यांत गावे होती, भाताची खाचरे होती, देवळे होती, वाडवडिलांच्या समाध्या होत्या. ते सारे पाण्याखाली गेले आणि माणसे दुसरीकडे गेली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात तर 1921 साली, मुंबईला वीज पुरवण्यासाठी होणाऱ्या धरणाविरुद्ध, सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. ते धरण थांबले नाही. शहरातली चावी फिरते तेव्हा ती कोणाच्या तरी उंबरठ्यावरून आलेले पाणी देत असते.

आणि आज? 2011 च्या शिरगणतीत पुणे महापालिकेच्या हद्दीत 31 लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे शहरात आली. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांचे पाणी शहर पिते. त्याच पाण्याकडे दौंड-इंदापूरचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. कालवा समितीच्या बैठकीत दरसाल वाद होतो तो याचाच. शहराने प्यायलेले पाणी पुढे मैले होऊन मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जाते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला आणि तेथल्या विहिरींचे पाणी नासले. गावकऱ्यांनी त्यासाठी आंदोलने केली. वरच्या गावांनी शहराला पाणी द्यावे आणि खालच्या गावांनी त्याची घाण सोसावी, हा व्यवहार फार दिवस चालायचा नाही.

निसर्गही हिशेब विसरत नाही. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा पुण्याच्या पोटातून वाहतो. त्याच्या काठावर घरे दाटली, पात्र आवळले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मोठा पाऊस झाला आणि तो ओढा घरांत शिरला. माणसे गेली. नानासाहेबांच्या काळी ज्या डोंगराचे पाणी वाट करून देऊन शहरात बोलावले होते, त्याच डोंगराचे पाणी वाट न ठेवल्यामुळे न बोलावता आले.

तर मंडळी, पुण्यात राहणे कसे असते? बरे असते. शाळा आहेत, दवाखाने आहेत, काम आहे, नाटक-गाणे आहे, आणि जातीची विचारपूस न करता घागर भरता येईल असा नळ आहे. तो नळ कोणा एकाच्या पुण्याईने आलेला नाही. तो कात्रजच्या बांधावर राबलेल्या हातांचा आहे, जोतीरावांच्या हौदाचा आहे आणि पानशेतखाली बुडालेल्या गावांचा आहे. शहरात राहणे म्हणजे रोज सकाळी न पाहिलेल्या माणसांचे ऋण घेणे. गावातही ऋण असतेच, पण तेथे देणारा समोर दिसतो. शहरात तो दिसत नाही, म्हणून आठवावा लागतो.

शिक्षकांना एक विनंती. पुण्याला सहल नेलीत तर शनिवारवाडा दाखवाच, पण मुलांना कात्रजचा तलावही दाखवा आणि एवढेच विचारा, "हे पाणी कोठून आले आणि कोठे गेले?" त्या मुलांपैकी निम्मी तरी पुढे शहरात राहायला जातील. चावी फिरवताना त्यांना तो प्रश्न आठवला, तर ती नळ वाहता सोडणार नाहीत, आणि पाणी मागत आलेल्या कोणालाही दारातून परत पाठवणार नाहीत.