डिक लेबो : ‘झोन ब्लिट्झ’चा जनक, आयुष्यभराचा सहायक

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजेच एनएफएलमध्ये, आधी खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक म्हणून सलग ५९ हंगाम घालवणारे चार्ल्स रिचर्ड ऊर्फ डिक लेबो हे त्या खेळातील बचावतंत्राचे एक प्रमुख शिल्पकार मानले जातात. १९५९ ते १९७२ या काळात ते खेळले आणि १९७३ ते २०१७ या काळात त्यांनी प्रशिक्षण दिले. या प्रदीर्घ कारकिर्दीत मुख्य प्रशिक्षकाचे पद त्यांच्याकडे पुरते तीन हंगामही नव्हते. बाकी सारा काळ ते कोणाचे ना कोणाचे सहायक होते.

हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा पुढच्या सहकाऱ्याकडे फेकायचे आणि चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, असा हा खेळ आहे. प्रत्येक संघाची चढाईची आणि बचावाची अकरा-अकरा जणांची फळी स्वतंत्र असते. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली प्रशिक्षकांचा मोठा ताफा लागतो. त्यातील बचाव समन्वयक हा दर चालीपूर्वी आपल्या अकरा खेळाडूंनी काय करायचे ते ठरवतो. चाल फसली तर दोष त्याच्या वाट्याला येतो; साधली तर टाळ्या खेळाडूला आणि करंडक मुख्य प्रशिक्षकाच्या हाती.

लेबो यांचा जन्म ९ सप्टेंबर १९३७ रोजी लंडन येथे झाला. हे लंडन इंग्लंडातील नव्हे, ओहायो राज्यातील एक छोटे गाव आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात वुडी हेज या कडक शिस्तीच्या प्रशिक्षकाखाली ते खेळले आणि १९५७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होते. १९५९ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने त्यांना पाचव्या फेरीत निवडले, पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच वगळले. डेट्रॉइट लायन्सने त्यांना घेतले आणि पुढचे १४ हंगाम ते तेथेच कॉर्नरबॅकच्या जागी खेळले. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू झेलणारा खेळाडू जेथे जाईल तेथे सावलीसारखे जायचे, हे कॉर्नरबॅकचे काम. त्यात चेंडू हवेतच हिसकावून घेणे, म्हणजे इंटरसेप्शन, ही सर्वांत मोठी कमाई. लेबो यांच्या नावावर ६२ इंटरसेप्शन आहेत. ते निवृत्त झाले तेव्हा लीगच्या इतिहासात हा आकडा तिसऱ्या क्रमांकाचा होता. सलग १७१ सामने न चुकता खेळण्याचा त्यांचा पराक्रम कॉर्नरबॅकच्या जागेसाठी विक्रम ठरला. मधल्या काळात ‘टू लेट द हीरो’ या युद्धपटात अभिनेता मायकेल केन याच्या जागी त्यांनी जोखमीची दृश्येही दिली. त्यांच्या चरित्रात न शोभणारी ही एकमेव नोंद असावी.

डेट्रॉइटच्या बचावफळीतील त्यांचे सहकारी डिक लेन, येल लॅरी आणि लेम बार्नी यांना ओहायोतील कॅन्टन येथील ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’मध्ये अनुक्रमे १९७४, १९७९ आणि १९९२ मध्ये स्थान मिळाले. लेबो मात्र बाहेरच राहिले.

१९७३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडे प्रशिक्षक म्हणून त्यांची सुरुवात झाली. तेथे तीन वर्षे, मग ग्रीन बे पॅकर्सकडे चार वर्षे काढून ते १९८० मध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या पिछाडीच्या बचावपटूंचे प्रशिक्षक झाले. १९८४ मध्ये त्यांना बचाव समन्वयक करण्यात आले. ज्या कल्पनेमुळे त्यांचे नाव टिकले, ती येथेच आकाराला आली.

त्या दशकात चढाईचे तंत्र झपाट्याने बदलत होते. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे बिल वॉल्श यांनी झटपट आणि आखूड फेकींचा खेळ रूढ केला होता. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू सोडण्यापूर्वीच गाठायचे, तर नेहमीच्या चौघांखेरीज आणखी एक-दोघांना त्याच्यावर सोडावे लागे. या धाडीला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. तिची किंमत मोठी असते. धाडीवर गेलेल्यांच्या जागा मोकळ्या पडतात, मागे उरलेल्यांना एकास एक अशी राखण करावी लागते आणि क्वार्टरबॅकने क्षणभर आधी चेंडू सोडला की थेट टचडाउनपर्यंत वाट मोकळी होते.

लेबो यांना धाड हवी होती, पण ही किंमत नको होती. या शोधात ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात बिल आर्न्सपार्गर यांना भेटले. मायामी डॉल्फिन्सच्या सत्तरच्या दशकातील गाजलेल्या बचावाचे आर्न्सपार्गर हे सूत्रधार, तेही सहायकच. शक्य तितक्या सुरक्षितपणे दबाव आणणे, हे त्यांचे सूत्र होते. परतीच्या विमानप्रवासात लेबो यांनी हाताशी असलेल्या कागदी रुमालांवर रचना रेखाटायला सुरुवात केली, असे सांगितले जाते.

त्यातून निघालेल्या ‘झोन ब्लिट्झ’चे मर्म अदलाबदलीत आहे. एका बाजूने लाइनबॅकर किंवा पिछाडीचा खेळाडू धाडीवर जातो. त्याच क्षणी पुढच्या रांगेतील एखादा धिप्पाड खेळाडू, ज्याचे एरवी काम समोरच्याशी झुंजण्याचे, तो चार पावले मागे सरकून मैदानाचा एक टापू राखतो. धाडीवरच्यांची संख्या फारशी वाढत नाही, पण धाड कोठून येणार हे कळत नाही. जिथून माणूस धावून आला ती जागा मोकळी, म्हणून चेंडू तिथेच फेकायचा, अशी क्वार्टरबॅकची वर्षानुवर्षांची तालीम असते. नेमक्या त्या जागी आता सव्वाशे किलोचा पहारेकरी उभा असतो. त्याला चपळ असण्याची फारशी गरज नसते; अनपेक्षित असणे पुरते.

या कल्पनेची बीजे इतरांकडेही होती आणि लेबो यांनी आर्न्सपार्गर यांचे ऋण कधी लपवले नाही. पण तिची पूर्ण पद्धत बांधण्याचे आणि ती वर्षानुवर्षे खेळाडूंच्या अंगवळणी पाडण्याचे श्रेय त्यांचेच आहे.

ही पद्धत म्हणजे हमखास यशाची किल्ली नव्हती. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, बेंगल्स शेवटच्या मिनिटांत १६-१३ असे पुढे होते. तेथून जो मोंटाना याने फोर्टीनाइनर्सला ९२ यार्ड पुढे नेले आणि ३४ सेकंद उरले असताना टचडाउन साधला. बेंगल्स १६-२० असे हरले. लेबो यांच्या बचावफळीविरुद्ध जेरी राइसने त्या दिवशी ११ झेलांत २१५ यार्ड काढले.

१९९२ मध्ये ते पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये बिल काउअर यांच्या ताफ्यात आले. १९९५ मध्ये डॉम केपर्स यांच्या जागी ते बचाव समन्वयक झाले आणि पहिल्याच सामन्यात त्यांचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक रॉड वुडसन गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. तेव्हा सेफ्टीच्या जागी खेळणाऱ्या कार्नेल लेकला कॉर्नरबॅक करून हंगाम निभावण्यात आला. तो संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि तेथे डॅलस काउबॉइजकडून हरला.

१९९७ मध्ये लेबो बेंगल्सकडे परतले. २००० च्या हंगामात पहिले तिन्ही सामने गमावल्यावर ब्रूस कॉस्लेट यांनी राजीनामा दिला आणि मुख्य प्रशिक्षकपद ६३ वर्षांच्या लेबो यांच्याकडे आले. निकाल वाईट लागले : ४५ सामन्यांत १२ विजय, ३३ पराभव. अखेरच्या २००२ च्या हंगामात तर १६ पैकी दोनच विजय मिळाले. बेंगल्सचा संघ त्यांच्या आधीपासूनच वर्षानुवर्षे बाद फेरीबाहेर होता, हे खरे; तरी सारा दोष संघावर टाकता येणार नाही. मुख्य प्रशिक्षकाला खेळाडूंची भरती, चढाई आणि मालकांशी व्यवहार हे सारे एकाच वेळी पाहावे लागते. फळ्यावर अकरा खुणा मांडून त्यांतून प्रतिस्पर्ध्यासाठी कोडे रचणे, हे लेबो यांचे बळ होते. ते येथे अपुरे पडले.

या अपयशानंतर वयाच्या पासष्टीत बहुतेकांनी घरचा रस्ता धरला असता. लेबो यांनी २००३ मध्ये बफेलो बिल्सकडे पुन्हा सहायकपद घेतले आणि २००४ मध्ये ते बचाव समन्वयक म्हणून पिट्सबर्गला परतले. त्यांची खरी सुगी त्यानंतरची आहे. २००४ ते २०१२ या नऊ हंगामांपैकी पाच हंगामांत प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड देणारा संघ स्टीलर्स होता. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी सिअॅटल सीहॉक्सला २१-१० असे हरवून सुपर बोल जिंकला. सामना झाला डेट्रॉइटमध्ये, जेथे लेबो १४ वर्षे खेळले होते. २००७ मध्ये आलेले तरुण मुख्य प्रशिक्षक माइक टॉमलिन बचावाच्या वेगळ्या परंपरेतले होते. नवा माणूस सहसा आपला ताफा घेऊन येतो; टॉमलिन यांनी मात्र लेबो यांना कायम ठेवले.

त्याचे फळ १ फेब्रुवारी २००९ रोजी टँपा येथे दिसले. मध्यंतराला काही सेकंद उरले असताना अॅरिझोना कार्डिनल्सचा संघ स्टीलर्सच्या गोलरेषेवर येऊन ठेपला होता. आखणीनुसार लाइनबॅकर जेम्स हॅरिसनने क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरवर धावून जायचे होते. आखूड फेक येणार हे ओळखून हॅरिसन धावल्याचा आव आणून थांबला, मागे सरकला, चेंडू झेलला आणि १०० यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. सामना स्टीलर्सनी २७-२३ असा जिंकला. ती सूचना लेबो यांची नव्हती. पण धाडीचा माणूस राखणीचाही विचार करतो, ही सवय त्यांच्याच शाळेतली.

खेळाडू त्यांना ‘कोच डॅड’ म्हणत. दर नाताळाला एक प्रसिद्ध दीर्घ कविता ते संघापुढे तोंडपाठ म्हणून दाखवत आणि दांडगे खेळाडू लहान मुलांसारखे ऐकत बसत. एका हंगामपूर्व सामन्यासाठी संघ कॅन्टनला गेला, तेव्हा खेळाडूंनी लेबो यांचा लायन्सच्या काळातील ४४ क्रमांकाचा सदरा अंगात घातला होता. हॉल ऑफ फेमच्या निवडसमितीला दिलेली ती उघड आठवण होती.

ऑगस्ट २०१० मध्ये लेबो यांचा त्या दालनात समावेश झाला. वय ७२, खेळ सोडून ३८ वर्षे झालेली. टॉमलिन सराव थांबवून सारा संघ सोहळ्याला घेऊन गेले. त्याच दिवशी जेरी राइसचाही समावेश झाला. लेबो यांची नोंद तेथे ‘खेळाडू’ अशी आहे. केवळ सहायक प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामासाठी त्या दालनात प्रवेश देण्याची प्रथा नाही. ‘झोन ब्लिट्झ’ त्यांच्या प्रवेशाचे अधिकृत कारण होऊ शकली नाही. २०२२ पासून हॉलने सहायक प्रशिक्षक आणि अन्य पडद्यामागील व्यक्तींसाठी वेगळे पुरस्कार सुरू केले, पण ते सदस्यत्व नव्हे.

जानेवारी २०१५ मध्ये ते पिट्सबर्गमधून बाहेर पडले आणि टेनेसी टायटन्सकडे गेले. जानेवारी २०१८ मध्ये त्या संघाने बाद फेरीत कॅन्सस सिटी चीफ्सवर २२-२१ अशी मात केली, तेव्हा ८० वर्षांचे लेबो बचावाच्या चाली ठरवत होते. पुढच्या फेरीतील पराभवानंतर मुख्य प्रशिक्षक माइक मुलार्की यांना हटवण्यात आले आणि लेबो यांचेही काम थांबले. २०२१ मध्ये स्टीलर्सचा सेफ्टी ट्रॉय पोलामालू याला हॉल ऑफ फेममध्ये सामील करून घेण्यात आले, तेव्हा आपला परिचय करून देण्यासाठी त्याने लेबो यांची निवड केली.