फोटोतल्या तीन तारखा

मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राच्या आधी एक छोटी चिठ्ठी असते. तिला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं १९९५ साली तिचा नमुना ठरवला. कॅमेरा कोणता, फोटो कधी काढला, लोकेशन चालू असेल तर कुठे काढला, हे सगळं तिथं नंबर दिलेल्या रकान्यांत भरलेलं असतं. कोडच्या चार ओळींत ते वाचता येतं. पण वाचलेलं खरं मानायचं का, हा प्रश्न आमच्या बोईसर-तारापूरकडे जरा जास्तच टोचतो.

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राची पहिली दोन युनिटं १९६९ साली सुरू झाली. पुढे ५४० मेगावॉटची आणखी दोन आली, चौथं २००५ साली आणि तिसरं २००६ साली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. नव्या वसाहतीला नावं तीच राहिली, पण जुनी घरं, ओटे, अंगणं आता फक्त फोटोंत आहेत. माझ्या मावशीचं सासर पोफरणचं. घरातले सगळे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये देऊन ती म्हणाली, "तुला यातलं कळतं ना, मग लाव बघू हे तारखेप्रमाणे."

एक्झिफमध्ये तारखा तीन असतात. रकाना ३०६ म्हणजे फाइल शेवटची कधी बदलली. ३६८६७ म्हणजे मूळ दृश्य कधी टिपलं. ३६८६८ म्हणजे ते डिजिटल कधी झालं. पायथनच्या पिलो लायब्ररीत 'गेट-एक्झिफ' म्हटलं की वरच्या कप्प्यातला ३०६ हाती लागतो. बाकीचे दोन आतल्या कप्प्यात असतात, तो ३४६६५ या नंबरनं वेगळा उघडावा लागतो. इतिहासाला हवा असतो तो ३६८६७.

डिजिटल कॅमेऱ्यात ३६८६७ आणि ३६८६८ सारखेच असतात. पण मावशीकडचे बरेच फोटो रिळाच्या कॅमेऱ्यातले. कुणीतरी अल्बम मांडीवर घेऊन मोबाइलनं त्यांचे फोटो काढले होते. मोबाइलला काय ठाऊक की समोर घर नसून घराचा कागद आहे! त्यानं मूळ तारीख म्हणून त्या दिवसाची तारीख लिहिली आणि ठिकाण म्हणून बोईसरचा फ्लॅट. कोडच्या हिशेबानं पोफरणचं ते अंगण २०१९ साली बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोंत तर चिठ्ठीच उरत नाही, ती पाठवतानाच गळून जाते.

ठिकाणाचीही एक गंमत आहे. फाइलमध्ये फक्त अक्षांश-रेखांश असतात. त्यांचा पत्ता बनतो तो आजच्या नकाशावरून. म्हणून २०१२ साली बोईसर स्टेशनवर काढलेला फोटो अ‍ॅपमध्ये 'पालघर जिल्हा' दाखवतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. तोवर आपण सगळे ठाणे जिल्ह्यातच होतो.

म्हणून मी काम उलट्या बाजूनं केलं. मोबाइलनं घातलेली तारीख ३६८६८ मध्ये राहू दिली, कारण डिजिटल झाल्याची तारीख म्हणून ती खरीच आहे. ठिकाण पुसलं. ३६८६७ मध्ये फोटोच्या मागे पेनानं लिहिलेली किंवा कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेली तारीख घातली, तीही मावशीला विचारून, कारण त्या कॅमेऱ्यांचं घड्याळ बऱ्याचदा चुकीचं लावलेलं असायचं. नावं लिहायला वर्णनाचा रकाना २७० आहे, पण मूळ नियमात तो इंग्रजी अक्षरांपुरताच. मराठी लिहायचं तर ३७५१० घ्यावा, त्यात युनिकोड चालतं.

आणि तारीख कुणालाच आठवत नसेल तर? नियमातच सोय आहे: आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. अंदाजानं १ जानेवारी ठोकण्यापेक्षा हे बरं. उद्या कुणी या फाइली वाचेल तेव्हा त्याला रिकामी जागा दिसेल आणि तो विचारत तरी येईल.

तुमच्या घरी असे फोटो असतील तर कागदाची मागची बाजूही टिपा, फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि ओटा कुणाचा, ते आजच विचारा. मावशी आता सत्तरीच्या पुढे आहे. चाळीस फोटोंतल्या माणसांची नावं फक्त तिला माहीत आहेत. त्यातली सव्वीस लिहून झाली.